नऊ ते एकच्या बाई

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आदरणीय पाळकसाहेब, प्रमुख पाहुण्या म्हणून व्यासपीठावर बसलेल्या, पस्तीस वर्षं शाळा चालवून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका, ज्या माझ्या सासूबाईही आहेत आणि म्हणूनच मी आत्ता इतकी ताठ उभी आहे, आपल्या गृहशिक्षण मंडळाच्या सचिवबाई, घरीच मुलांना शिकवणारे आणि तरीही शुद्धीवर असलेले सर्व आईबाप, आजी-आजोबा, मागच्या दाराशी केकवर नजर ठेवून उभी असलेली सगळी बालमंडळी, आणि तिसऱ्या ओळीत बसलेले माझे यजमान व आमची तीन लेकरं, आपणा सर्वांना प्रभूच्या नावात सलाम.

माइक जरा खाली करते हं. पाळकसाहेबांची उंची आणि माझी उंची यात एका स्टुलाचा फरक आहे. झालं. ऐकू येतंय ना मागे? केकपर्यंत पोचतोय आवाज? छान.

मंडळी, मी आज फार खुशीत आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे भाषणात काही विचित्र वाटलं तर कारण कळेल. सकाळी मी अंडी फोडली, टरफलं पातेल्यात टाकली आणि आतला ऐवज कचऱ्याच्या डब्यात. तेही एकदा नाही, तीन वेळा. ह्यांनी हळूच गॅस बंद केला आणि मला खुर्चीवर बसवलं. का नाही होणार असं? सतरा वर्षं आमच्या जेवणाच्या टेबलावर शाळा भरली. परवा धाकट्याचा निकाल लागला, तो पास झाला, आणि त्या टेबलावर आम्ही सतरा वर्षांत पहिल्यांदा दुपारी एकच्या आधी नुसते जेवलो. पुस्तकं न हटवता जेवायला जागा मिळते, हे विसरूनच गेलो होतो.

त्यात तुम्ही हे मानपत्र दिलंत. अक्षर काय सुरेख आहे! सचिवबाईंच्या मुलीचं आहे म्हणे. यात माझा उल्लेख 'आदर्श गृहशिक्षिका' असा केला आहे. मी वाचलं आणि मला घाम फुटला. कारण एक छोटीशी अडचण आहे. त्या शिक्षिकेला आमच्या घरातून अकरा वर्षांपूर्वी कामावरून काढून टाकलं होतं.

बघा, निम्मे लोक हसले. कारण निम्म्यांना ती गोष्ट ठाऊक आहे. मी ती लग्नांत सांगितली आहे, वाढदिवसांना सांगितली आहे, आणि खोटं कशाला बोलू, एकदा अंत्यविधीनंतरच्या चहालाही सांगितली आहे. मृताच्या पत्नीनेच आग्रह केला होता. पण मी ती गोष्ट नेहमी बुधवारपासून सुरू करते. आज मला ती मंगळवारपासून सांगायची आहे. मंगळवारचा भाग जगात फक्त दोन माणसांना माहीत आहे. एक मी. दुसरी, आमची मधली. ती उद्या सकाळी सातच्या गाडीने परगावी नोकरीला चालली आहे. तिच्याशी मला एक वाक्य बोलायचं आहे आणि ते अकरा वर्षं राहून गेलंय. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच असताना माझ्या तोंडून ते निघालं नाही. म्हणून आता दोनशे माणसांसमोर प्रयत्न करते आहे. माणसाचा स्वभाव काही सरळ नसतो, मंडळी. निदान माझा तरी नाही.

सचिवबाई, चिठ्ठी मिळाली. सात मिनिटं. बघते.

तर मूळ गोष्ट अशी. मोठ्याला घरी शिकवायचं आम्ही ठरवलं, तेव्हा सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला होता. "घरात शिस्त कशी लागेल? मूल बाईंना घाबरतं. आईला कोण घाबरतं?" सासूबाई, तुम्हाला आठवत नसेल. आठवतंय? आठवतंय म्हणतात. त्या प्रश्नाने माझी झोप उडाली. पुढे मधलीही अभ्यासाला बसायला लागली, टेबलावर सारखी मारामारी सुरू झाली, आणि मला एक अफलातून कल्पना सुचली. मी ठरवलं, सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळात मी आई नाही. मी बाई. मुलांनी मला बाई म्हणायचं, 'तुम्ही' म्हणायचं आणि मी आत आले की उठून उभं राहायचं.

नुसतं म्हणून भागत नाही ना? मला सगळं साग्रसंगीत लागतं. नऊला पाच कमी असताना मी मुलांना बाय करून मागच्या दाराने बाहेर पडायची. निळा कोट चढवायची, चष्मा दोरीला अडकवायची, घराला वळसा घालून कचऱ्याच्या डब्यांजवळून पुढच्या दारी यायची आणि स्वतःच्याच घराची बेल वाजवायची. मोठा दार उघडून म्हणायचा, "या बाई." माझ्या पर्समध्ये पट्टी असायची, टेबलावर वाजवायची घंटा असायची आणि एक उकडलेलं अंडं असायचं, कारण बाईंना अकरा वाजता भूक लागायची आणि आईच्या फडताळाला हात लावणं बरं दिसत नव्हतं.

शेजारच्या काकूंनी हे दोन आठवडे पाहिलं. रोज ही बाई मागून निघते आणि पुढून बेल वाजवते. मग त्यांनी एक दिवस ह्यांना फाटकाशी गाठून खालच्या आवाजात विचारलं, "वहिनींची तब्येत बरी आहे ना?"

ह्यांचं काम तुम्हाला माहीत आहे. हे कवळ्या बनवतात. मागच्या खोलीत यांची कार्यशाळा आहे, तिथे खिडकीत अर्ध्या गावाचे दात प्लास्टरमध्ये हसत बसलेले असतात. आमची मुलं मोजायला तिथेच शिकली. म्हणून त्यांना बत्तीसपर्यंत झोपेतही मोजता येतं आणि तेहतीसला अजूनही जरा अडखळतात. हे एकदा साडेदहाला पांढरे हात घेऊन बाहेर आले आणि मला म्हणाले, "काय बाई, आमच्या मोठ्याचं गणित कसं काय?" मी चष्म्यावरून बघत म्हटलं, "पालकांनी आधी वेळ घेऊन यावं." आणि गंमत बघा, यांनी घेतली! गुरुवारी पावणेअकरा.

तुम्ही हसताय. आम्हीही हसायचो. मी तर फारच खूश होते स्वतःवर.

आता पाळकसाहेब, पुढच्या भागात तुमचाही हात आहे. आपल्या मासिक बैठकीत तुम्ही एकदा फार सुंदर बोललात. तुम्ही म्हणालात, "घरच्या शाळेत प्रीतीला पहिलं स्थान द्या. बाकी सगळं तिच्या मागून येईल." सगळ्या आयांनी माना डोलावल्या, दोघींनी डोळे पुसले. मी वहीत लिहून घेतलं. घरी गेले, भिंतीवरचं वेळापत्रक काढलं आणि पहिला तास बदलला. तोवर नऊ ते साडेनऊ गणित असायचं. गणित खाली ढकललं आणि तिथे लाल शाईने लिहिलं, प्रीती.

हसू नका हो, मी मनापासून केलं होतं! तुम्ही पहिलं स्थान म्हणालात, मी पहिला तास दिला. दहापैकी मार्क. चांगल्या कृत्याला भिंतीवर एक चांदणी.

पहिल्याच आठवड्यात मोठ्याने त्यातलं मर्म ओळखलं. तो तेव्हा अकरा वर्षांचा होता आणि वकील व्हायला निघाल्यासारखा वागायचा. "बाई, मी हिला पाणी दिलं. लिहून घ्या." चांदणी. "बाई, परत दिलं." चांदणी. साडेनऊपर्यंत मधलीने चार ग्लास पाणी प्यायलेलं असायचं आणि भूगोलाचा तास तिचा संडासात जायचा. एकदा तर त्याने धाकट्याला पाय घालून पाडलं, मग उचललं आणि दोन चांदण्या मागितल्या, एक मदतीची आणि एक क्षमा मागितल्याची. मी दिल्या! नियमात बसत होत्या. धाकटा पाच वर्षांचा. त्याला प्रेम करायला माणसंच उरायची नाहीत, मोठ्याने आधीच सगळी बळकावलेली. मग तो टेबलाच्या पायाचे मुके घ्यायचा आणि वर बघायचा, मी लिहितेय की नाही.

आणि मधली? मधलीला आठवड्याला कसेबसे तीन मार्क.

इथे मला जरा थांबावं लागेल. पाणी घेते.

मधली तेव्हा नऊ वर्षांची होती आणि तिला वाचता येत नव्हतं. अक्षरं ओळखायची, पण दोन अक्षरं शेजारी आली की तिच्या डोळ्यांसमोर ती जणू जागा बदलायची. आज आपल्याकडे अशा मुलांसाठी तज्ज्ञ आहेत, पुस्तकं आहेत. तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की बैठकीत दुसऱ्या आया म्हणायच्या, "आमची आता जाडजूड पुस्तकं वाचते," आणि मी म्हणायची, "आमची चित्रं फार छान काढते." घरी येताना वाटेभर हेच डोक्यात. लोक म्हणणार, शाळेत घातली असती तर पोर शिकली असती. हिने हौसेपायी घरात ठेवून तिचं वाटोळं केलं. देवाच्या नावावर केलं, वर हेही म्हणणार. मला इतकी भीती वाटायची, मंडळी, आणि त्या भीतीला मी शिस्त म्हणायची.

रोज नऊला पाच कमी असताना त्या पोरीच्या पोटात दुखायला लागायचं. मी घराला वळसा घालून बेल वाजवेपर्यंत ती न्हाणीघरात असायची. मग प्रीतीच्या तासाला उशीर. उशीर झाला की काय? उभी राहा. प्रीतीच्या तासाला उशिरा आल्याबद्दल मी माझ्या मुलीला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आहे. हे वाक्य आज बोलताना मला हसू येतंय आणि लाजही वाटतेय.

आता मंगळवार.

त्या दिवशी प्रत्येकाने बायबलमधल्या वचनाची एकेक ओळ मोठ्याने वाचायची होती. ओळ प्रीतीबद्दलचीच. मोठा आणि धाकटा आपापली ओळ म्हणून अंगणात पळाले आणि मधलीची पाळी आली. दोन शब्द झाले, तिसऱ्यावर अडली. मी पट्टीने अक्षर दाखवलं. ती गप्प. मी पट्टी जरा जोरात टेकवली. "परत." गप्प. "परत." तिची मान खाली गेली, कागदावर टपकन पाणी पडलं आणि ती अगदी हळू म्हणाली, "आई."

बास, एवढंच. तिला काही मागायचं नव्हतं. ती फक्त आई म्हणाली.

आणि मी काय म्हणाले? मी निळ्या कोटात सरळ उभी राहून म्हणाले, "इथे आई नाही. आई एक वाजता येते."

तिने मान हलवली. "हो बाई" म्हणाली, आणि डोळे पुसून परत त्या तिसऱ्या शब्दाकडे बघायला लागली. मी वहीत तिला प्रीतीचे दोन मार्क लिहिले.

पण खुर्च्या धरून बसा, आता बुधवार येतोय आणि बुधवार मजेचा आहे. मी अकरा वर्षं उगीच का सांगते?

बुधवारी साडेदहाच्या सुट्टीत मोठा आणि धाकटा अंगणात गेले. मधली नाही गेली. ती माझ्या खुर्चीपाशी आली, हात मागे बांधून सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, आई किती वाजता येणार?"

मी म्हटलं, "एक वाजता. रोजच्यासारखी."

"आज लवकर येऊ शकेल का? मला तिला एक सांगायचं आहे."

"काय सांगायचं आहे? मला सांग, मी निरोप देईन."

तिने जरा विचार केला. फार आदराने म्हणाली, "तुम्हाला नाही सांगता येणार, बाई. तुमच्याबद्दलच आहे."

मी म्हटलं, "थांब हं. बघते, मिळते का." मी पर्स उचलली, पुढच्या दाराने बाहेर पडले आणि कचऱ्याच्या डब्यांपाशी जाऊन उभी राहिले. तिथे मी कोट काढला. चष्मा काढला. तिथेच थोडं रडून घेतलं. तिथे बरं असतं, कुणी विचारत नाही. शेजारच्या काकू खिडकीत होत्या. त्यांनी पडदा ओढून घेतला. मग मी मागच्या दाराने आत आले.

मोठ्याने घड्याळाकडे पाहिलं. "आई! तू लवकर आलीस!"

मधलीने माझा हात धरला आणि मला सरळ न्हाणीघरात नेलं. दार लावलं. बादली उपडी घालून मला तिच्यावर बसवलं. मग माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "इथे बोलू. नाहीतर बाई ऐकतील."

मी मान डोलावली.

ती म्हणाली, "आई, त्या वाईट नाहीत गं. पण मी वाचायला लागले की त्यांचा चेहरा घाबरल्यासारखा होतो. मग मला अक्षरंच दिसत नाहीत. तू त्यांना काढून टाक ना."

"मग तुला कोण शिकवणार?"

"तू शिकव." आणि लगेच तिच्या मनात शंका आली. "तुला येतं ना वाचायला?"

मी म्हटलं, "थोडं थोडं येतं."

"चालेल," ती म्हणाली.

त्याच दिवशी दुपारी बाराला आम्ही बाईंना निरोप दिला. हो, रीतसर! मी परत कोट घातला, मुलं पुढच्या दारात रांगेत उभी राहिली, हे कार्यशाळेतून प्लास्टरचे हात घेऊन आले आणि दोन शब्द बोलले. "बाई वक्तशीर होत्या," हे म्हणाले. मग यांना पुढे काही सुचेना, म्हणून परत म्हणाले, "फार वक्तशीर होत्या." धाकटा भोकाड पसरून रडला. त्याला बाई आवडायच्या, चांदण्या द्यायच्या ना. "आता बाई कुठे नोकरी करणार?" म्हणून त्याने आम्हाला दोन दिवस छळलं. मी फाटकापर्यंत गेले, वळून हात हलवला, वळसा घालून मागून आत आले आणि सगळ्यांना म्हटलं, "चला, गेल्या एकदाच्या!" आणि आम्ही स्वयंपाकघरात नाचलो. अक्षरशः नाचलो. सूप उतू गेलं.

इथवर तुम्हाला माहीत होतं. इथे मी नेहमी थांबते, लोक टाळ्या वाजवतात आणि मी केक खाते.

पण त्या दिवशी एक वाजता सासूबाई जेवायला आल्या. त्या बुधवारी यायच्या. मी त्यांना सगळी गंमत रंगवून सांगितली, बुधवारपासून. मला वाटलं, आता ह्या म्हणणार, गेली शिस्त. सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. त्या म्हणाल्या, "मी पस्तीस वर्षं पोरांवर ओरडले. पण माझ्या शाळेतल्या पोराला मी ओरडले की ते घरी जायचं आणि आईच्या कुशीत रडायचं. मला त्याचा भरवसा असायचा. तुझ्या पोरीने बाईंकडून निघून कुणाकडे जायचं?"

सासूबाई, मी तेव्हा सूप वाढत राहिले. पण तेवढ्या एका प्रश्नाने जे शिकवलं, ते माझ्या कपाटभर पुस्तकांत नव्हतं. प्रभूने आपल्याला प्रार्थनेत बापा म्हणायला शिकवलं. साहेब म्हणायला नाही. आणि त्याच्या घराला काही नऊ ते एक नाही. तुम्ही साडेदहाला अडलात, रडलात, मार्क गेले, तरी तो म्हणत नाही की तुझा बाप आत्ता इथे नाही, नंतर ये. मी हे लहानपणापासून ऐकत आले होते, पोरांना पाठ करून घेत होते, आणि माझ्याच टेबलावर माझ्या लक्षात आलं नाही.

मग काय बदललं, असं आपल्या नव्या आया मला विचारतात. वहीत लिहून घ्यायला बसतात, मला त्यांची भीती वाटते. बायांनो, फार काही नाही. भिंतीवरचं वेळापत्रक मी काढलं आणि सकाळचा पहिला अर्धा तास कुणी कुणाला काही शिकवायचं नाही असं ठरलं. आम्ही चौघं एका पलंगावर पाय आखडून बसायचो आणि खिमट खायचो, सगळ्या चादरींवर सांडायचो. हे दारात उभे राहून प्रार्थना करायचे. यांची प्रार्थना नेहमी लहान. "प्रभू, आज ओरडणं कमी होऊ दे." आणि डोळे मिटलेले असूनही तोंड बरोबर माझ्या दिशेला.

ओरडणं पूर्ण बंद झालं का? सभागृहात शेजारच्या काकू बसल्या आहेत, तेव्हा मी खरं सांगते. नाही. भूगोल तर आमच्या घरात कायमचा आजारी पडला. मोठ्याला आजही नकाशावर निम्मी राज्यं सापडत नाहीत, आणि तो गाडी चालवतो. पण मधलीच्या पोटात दुखायचं मात्र तीन आठवड्यांत थांबलं. पुस्तक मी तिच्यासमोर ठेवेनाशी झाले. अकराच्या सुमाराला ती वडिलांकडे जायची आणि प्लास्टर कालवायची. तिथे खोक्यांवर चिठ्ठ्या असतात, वरची, खालची, डावी, उजवी. हे म्हणायचे, "जरा खालची उजवी दे गं," आणि ती द्यायची. दीड वर्ष गेलं. एक दिवस मी चहा घेऊन गेले, तर ही पोरगी गुलाबी रंगाच्या एका बाटलीवर बोट ठेवून सावकाश म्हणाली, "हि र डी. हिरडी." आणि आम्हा दोघांकडे बघितलं. जगातली मुलं पहिला शब्द घर वाचतात, कमळ वाचतात. आमचीने हिरडी वाचली. ह्यांच्या हातून एका आजोबांची वरची कवळी पडली आणि फुटली. कुणाला पर्वा? यांनी तिला उचलून गरगर फिरवलं, मी कप घेऊन मागे मागे, आणि ती ओरडतेय, "हिरडी! हिरडी!"

आज ती कवळ्यांच्या मोठ्या प्रयोगशाळेत चाललीये. परीक्षेत दुसरी आली. लेखी परीक्षेत, मंडळी. लेखी!

सचिवबाई, दुसरी चिठ्ठीही मिळाली. मोठ्या अक्षरांत आहे. संपवतेच.

कुणी म्हणेल, मग आता कसली खंत? सगळं तर छान झालं. झालं खरं. मी बाईंना काढलं, वेळापत्रक फाडलं, पलंगावर खिमट सांडलं. पण मंगळवारबद्दल मी कधी तोंड उघडलं नाही. उलट बुधवारची गोष्ट इतकी रंगवली, इतक्या वेळा सांगितली की मंगळवार कुणाला दिसू नये. लोक हसायचे आणि मी हळूच तिच्याकडे बघायची. तीही हसायची. दर वेळी हसायची. मला आजवर कळलेलं नाही की ती मला सांभाळून घेत होती की विसरली होती. आणि विचारायचा धीर झाला नाही. प्रीतीला पहिलं स्थान द्या, असं मी आपल्या किती बैठकांत सांगितलंय. पण सगळ्यात आधी जे बोलायचं, ते मी सगळ्यात शेवटी ठेवलं.

तर आता बोलते. बाळा, इकडे बघ. भावाकडे नको, माझ्याकडे बघ.

त्या मंगळवारी मी तुला सांगितलं की इथे आई नाही. ते खोटं होतं. आई तिथेच होती, तुझ्यासमोर उभी होती, भ्यालेली होती. तू बरोबर हाक मारली होतीस. ओ द्यायला मी चुकले. तुझं काही चुकलं नव्हतं, त्या दिवशीही नाही आणि त्याआधीही कधी नाही. मला माफ कर.

झालं. बोलले. अकरा वर्षं लागली आणि अर्धं मिनिटही नाही लागलं.

अरे, ही उठली का? अगं, बस ना, भाषण संपायचं आहे माझं. कुठे निघालीस? मंडळी, ती इकडे येत नाहीये. ती मधल्या वाटेत येऊन उभी राहिली आहे. हात पसरलेत. मला खाली बोलावतेय. काय म्हणालीस? ऐकू येत नाही. परत बोल.

ती म्हणते, "माफ कधीच केलं. तू फक्त लवकर ये."

अध्यक्ष महोदय, माझ्याकडे आभारांचा एक अख्खा कागद आहे. मंडळाचे, मंडळीचे, सासूबाईंचे, केक करणाऱ्या बहिणींचे, खुर्च्या लावणाऱ्या भावांचे आणि माझ्या ह्यांचे मनापासून आभार. ज्यांची नावं राहिली त्यांनी ती आहेत असंच समजावं. बोलण्याच्या भरात कुणाला लागेल असं काही निघालं असेल, क्रम चुकला असेल, वेळ तर चुकलीच आहे, ते सारं आपण मोठ्या मनाने पदरात घ्यावं. हे सगळं मला नीट, थांबून, नमस्कार करून म्हणायचं होतं. पण ती वाट बघतेय.

सचिवबाई, खुर्ची जरा सरकवा हो. मला खाली जायचं आहे.